ताई, तुमचा रफार घेऊनच परिषदेला जा

प्रश्न थोडक्यात असा : दिग्रसमध्ये डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंनी स्थानिक साप्ताहिकाच्या बारा वर्षांच्या, कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, आणण्यासाठी पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतः प्रोग्राम लिहिला. संगणकप्रेमींच्या परिषदेत यावर बोल, असं पुतण्या मागे लागलाय. शीर्षक त्यांनी ठरवलंय 'डिजिटल युगात मराठी भाषा : संधी आणि आव्हाने'. त्या विचारतात, मी बीए झालेली, इंग्रजी जेमतेम. इंजिनिअर लोकांसमोर काय बोलू? प्रस्ताव कसा लिहायचा, तयारी कशी करायची?

ताई, पहिलं काम म्हणजे ते शीर्षक खोडा. त्या शीर्षकावर कोणीही बोलू शकतं, म्हणून त्यावर तुम्हाला कोणी बोलावणार नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य लिहून गेलात : 'कर्ज बरोबर यायचं, पण वर्धा फुटायचं.' ते मी तीनदा वाचलं. तुमचं भाषण तिथे आहे.

मी आर्वीला वीस वर्षं संगणक शिकवतोय. लहानमोठ्या परिषदांमध्ये बोललोय, आणि पाच-सहा वर्षं प्रस्ताव निवडणाऱ्यांच्या बाजूलाही बसलोय. त्या खुर्चीतून एक गोष्ट नीट दिसते. लोक विषय पाठवतात. निवडणारा अडचण शोधत असतो. 'मशीन लर्निंगची ओळख', 'शेतीत संगणकाचा वापर', 'मराठी आणि तंत्रज्ञान' हे झाले विषय. त्यांची माहिती कुठेही मिळते. पण एक माणूस एका अडचणीशी चार महिने झुंजला, तीनदा हरला आणि चौथ्यांदा का जिंकला हे त्याला कळलं, तर ते त्याच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. तुमच्याकडे हे आहे, आणि पदवीचा त्याच्याशी संबंध नाही.

तुमचीच अडचण मी जरा उलगडून मांडतो, म्हणजे भाषणाचा कणा तुम्हाला दिसेल.

कृतिदेवमध्ये 'किसान' हा शब्द पडद्यावर दिसतो तेव्हा फायलीत असतात पाच इंग्रजी अक्षरं : एफ, डी, एल, के, यू. फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार काढतो, एवढंच. फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर फाइल उघडली की ती पाच अक्षरं उघडी पडतात. हे तुमच्या गिऱ्हाइकांनी शंभरदा पाहिलेलं आहे. आता यात क्रमाची गोम आहे. पहिली वेलांटी डोळ्याला 'क'च्या आधी दिसते, म्हणून टाइपही आधी होते. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं, तिथे क आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचं याच्या उलट. 'कर्ज'मध्ये तो 'ज'च्या डोक्यावर दिसतो, म्हणून कृतिदेवमध्ये 'ज'नंतर टाइप होतो. उच्चारात मात्र र आधी येतो, म्हणून युनिकोडमध्ये क, र, पाय मोडण्याची खूण, ज असा क्रम लागतो.

तुम्ही पहिला नियम केला : रफार आला की एक अक्षर मागे न्यायचा. 'कर्ज' सुटलं. मग आलं 'वर्धा'. तिथे टाइप होतं व, ध, काना, रफार. एकच घर मागे नेला तर रफार 'ध' आणि काना यांच्या मधे अडकतो, आणि काना टिंबांच्या गोलावर एकटा लटकतो. म्हणून दुसरा नियम : वाटेत काना, मात्रा, अनुस्वार आला तर तो ओलांडून जायचं. 'वर्धा' सुटलं. मग आलं 'वर्ध्याला'. इथे अर्धा ध आहे, त्यापुढे य, मग काना, मग रफार. दुसऱ्या नियमाने रफार 'य'च्या आधी जाऊन बसतो आणि शब्द होतो 'वध्र्याला'. ही चूक तर मराठी संकेतस्थळांवर आजही ठिकठिकाणी दिसते. वाचणाऱ्याला वाटतं टाइप करणाऱ्याचा हात चुकला, पण अनेकदा ते अपुऱ्या रूपांतराचं काम असतं. तिसरा नियम : पाय मोडलेली अक्षरंही ओलांडायची, पूर्ण जोडाक्षराच्या मागे जायचं.

कर्ज, वर्धा, वर्ध्याला. तीन शब्द, तीन नियम. ज्याला देवनागरी येत नाही असा तामिळ किंवा कन्नड भाषक प्रोग्रामरसुद्धा हे समजेल, कारण आधीच्या नियमाचं अपयश पुढच्या नियमाची गरज दाखवतं. श्रोता मनात तुमच्या आधी उत्तर शोधायला लागतो, आणि तो तसा शोधायला लागला की खोली तुमची झाली असं समजा.

आता प्रस्ताव. बहुतेक ठिकाणी मागतात त्या गोष्टी सारख्याच असतात : शीर्षक, छोटा सारांश, निवडणाऱ्यांसाठी सविस्तर आराखडा, श्रोत्याला आधी काय यायला हवं, तुमची ओळख, आणि कोड किंवा पूर्वीच्या भाषणाचा दुवा. सगळ्यात जास्त वेळ सारांशाला द्या. निवडणाऱ्यासमोर प्रस्तावांचा गठ्ठा असतो, नोकरी सांभाळून रात्री तो ते वाचत असतो, आणि पहिल्या तीन ओळींत त्याचं मन बनतं. 'आजच्या धकाधकीच्या युगात' अशी सुरुवात दिसली की माझी नजर पुढच्या प्रस्तावाकडे सरकायची. हे चांगलं नाही, पण होतं तसंच.

शीर्षक असं काहीतरी चालेल : 'रफार कुठे जातो? बारा वर्षांचं साप्ताहिक युनिकोडमध्ये आणताना'. सारांशाचा एक मसुदा मी करून देतो, तुमच्या शब्दांत बदलून घ्या :

'महाराष्ट्रातल्या छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षांचा मजकूर पडून आहे, जो फक्त दिसायला मराठी आहे. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आहेत. मी एका साप्ताहिकाच्या बारा वर्षांच्या फायली युनिकोडमध्ये आणल्या. अक्षराला अक्षर बदललं की झालं, असं वाटलं होतं. रफाराने ते तीनदा खोटं ठरवलं. त्या तीन चुका, त्यांतून सापडलेले नियम, आणि अजून न सुटलेली एक अडचण मी दाखवीन. देवनागरी यायला हवी असं नाही. पायथॉनमधली स्ट्रिंग म्हणजे काय एवढं ठाऊक असावं.'

यात 'मी केलं' आहे, 'मी दाखवीन' आहे, आणि कोणासाठी आहे तेही आहे. 'न सुटलेली अडचण' हे शब्द काढू नका. ज्याने खरोखर काम केलंय त्यालाच उरलेलं काम दिसतं, आणि निवडणारे हे ओळखतात. तुमच्या बाबतीत ती अडचण मिसळलेल्या इंग्रजीची आहे. वर्डच्या फायलीत प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट नोंदलेला असतो, त्यामुळे कृतिदेवचं तेवढं बदलून इंग्रजी तसंच ठेवता येतं. पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्राममधून साधा मजकूर बाहेर काढला की ती नोंद गळून पडते, आणि जाहिरातीतलं कंपनीचं इंग्रजी नाव नियमाने मराठी अक्षरांच्या ढिगाऱ्यात बदलतं. यावर सभागृहातलाच कोणीतरी उपाय सुचवेल. भाषण द्यायचा खरा फायदा तोच आहे.

आराखड्यात मिनिटं लिहा. तीस मिनिटांचा वेळ असेल तर भाषण बावीस-तेवीस मिनिटांचं धरा. पहिली तीन मिनिटं : साप्ताहिक, त्याचे संपादक, आणि त्यांना जुन्या अंकांत शोधायचं काय होतं. पुढची चार : कृतिदेव आतून कसा आहे. मग दहा मिनिटं फक्त रफार. चार मिनिटं 'वऱ्हाड' या शब्दासाठी, त्याबद्दल पुढे सांगतो. शेवटची दोन न सुटलेल्या अडचणीला. उरलेला वेळ प्रश्नांचा. युनिकोडचा सगळा इतिहास, मराठी भाषेचं महत्त्व, पायथॉनची थोरवी यांतलं काही घेऊ नका. एखाद्याने विचारलंच की युनिकोड असताना लोक कृतिदेवला का चिकटून राहिले, तर उत्तर तयार असू द्या : युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण दुकानं चालत होती पेजमेकरवर. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. आणि त्याला युनिकोड कळतच नव्हतं. छापायचं काम ज्यात होतं त्यातच लोक राहिले. दुकानदार म्हणून हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं सांगाल.

एक सावधगिरी. असे रूपांतर करणारे प्रोग्राम आधीपासून आहेत, आणि निवडणारा हटकून विचारेल की तुमच्यात वेगळं काय. ते माहीत नसल्यासारखं लिहू नका. दोन-तीन प्रोग्राम वापरून बघा, त्यांतून 'वर्ध्याला' काय होऊन बाहेर येतं ते नोंदवा, आणि प्रस्तावात एका ओळीत प्रामाणिकपणे लिहा. तुमचा एखाद्या बाबतीत कमी पडत असेल तर तेही लिहा.

काही परिषदांत पहिल्या फेरीत बोलणाऱ्याचं नाव-गाव झाकून प्रस्ताव वाचतात. तसं असेल तर सारांशात आणि आराखड्यात दुकानाचं नाव येऊ देऊ नका. ओळखीच्या रकान्यात मात्र 'दिग्रस, जिल्हा यवतमाळ इथे डीटीपीचं दुकान चालवते' हेच पहिलं वाक्य ठेवा. या विषयात तुमचा अधिकार त्या दुकानातून आलाय.

प्रस्ताव पाठवण्याआधी दोन कामं उरकून घ्या. कोड सर्वांना दिसेल अशा जागी ठेवा आणि इतरांना तो वापरता-बदलता येईल असा मुक्त परवाना त्याला लावा, एमआयटी किंवा जीपीएल. मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदांमध्ये हे आधी बघतात. कृतिदेवची फॉन्ट-फाइल मात्र कोडसोबत देऊ नका. तुम्ही स्वतः केलेला अक्षरांचा तक्ता द्या, तो तुमचा आहे. दाखवायला फॉन्ट हवा असेल तर मुक्ता, लोहित असे मुक्त परवान्याचे मराठी फॉन्ट आहेत. दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. दुकानातल्या खऱ्या फायली पडद्यावर आणू नका. गिऱ्हाइकाचं नाव, आधार क्रमांक, सातबारा, कोणाच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतला पत्ता, यांतलं काही दिसता कामा नये. लोकांनी विश्वासाने आपल्या पेनड्राइव्ह तुमच्या हातात दिल्या आहेत. साप्ताहिकाच्या संपादकांकडून एका जुन्या अंकाची लेखी परवानगी घ्या, किंवा नमुन्याचा मजकूर स्वतः लिहा.

आता 'वऱ्हाड'. तुमच्या भाषणातला सगळ्यात सुंदर भाग हा होऊ शकतो, आणि पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. संपादकांनी बदललेल्या फायलींत 'पऱ्हाटी' (कपाशीचं झाड) शोधलं आणि निम्मेच लेख सापडले, असं तुम्ही लिहिलंय. कारण मराठीतला हा ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एक रीत : ०९३१ क्रमांकाचा खालच्या टिंबाचा ऱ आणि पाय मोडण्याची खूण. दुसरी, जुनी : साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पायथॉनला लांबी विचारली तर पहिल्या 'वऱ्हाड'ची येते ६ आणि दुसऱ्याची ७. शोधणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

हे दाखवताना घाई करू नका. पडद्यावर दोन 'वऱ्हाड' एकाखाली एक, मोठ्या अक्षरात. विचारा, दोन्हींत फरक दिसतो का? थांबा. लोक बघतील, मान हलवतील. मग ६ आणि ७ दाखवा. मग सांगा की आमच्या भागाचं नावच वऱ्हाड, आमच्या बोलीचं नाव वऱ्हाडी, कास्तकाराच्या शेतातली पऱ्हाटी आणि लग्नाला येतं तेही वऱ्हाड. या अक्षराशिवाय आमच्याकडे पानही लिहून होत नाही. म्हणून हा दोष आम्हाला आधी सापडला. हे मी तुम्हाला रंगवून सांगायला म्हणत नाही, ते खरंच आहे. विदर्भातून कोणी का बोलावं याचं याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

यावर एक प्रश्न नक्की येईल : 'नॉर्मलायझेशन केलं नाही का?' म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या रीती एका रूपात आणणं. इंजिनिअर मंडळींचं पहिलं औषध ते असतं. उत्तर असं : युनिकोडचं प्रमाण नॉर्मलायझेशन साधा र आणि सुटा नुक्ता (खालचं टिंब) यांना जोडून ऱ करतं, पण जोडचिन्हाची रीत त्याच्या हिशोबात वेगळीच राहते. म्हणून ती आपण स्वतःच्या नियमाने बदलावी लागते. घरी चालवून पाहा, निकाल पडद्यावर तयार ठेवा. प्रश्न आला की 'थांबा, दाखवते' म्हणायचं.

तयारीबद्दल माझा एक अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या भाषणाला वीस मिनिटं होती आणि मी ४२ स्लाइड केल्या होत्या. एकोणिसाव्या स्लाइडला घंटा झाली. ज्या गोष्टीसाठी मी रात्रभर गाडीत बसून गेलो होतो ती तिसाव्या स्लाइडवर होती. मला फार वाईट वाटलं, आणि मागच्या रांगेतल्या एका वयस्कर माणसाने बाहेर येऊन विचारलं, 'तुम्हाला सांगायचं काय होतं?' मी त्याला चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत सांगितलं. तो म्हणाला, 'मग हेच सांगायचं होतं.' तेव्हापासून मी स्लाइड आधी करत नाही. आधी एखाद्याला चहा पिता पिता तोंडी सांगतो. ज्या क्रमाने तोंडी सांगितलं जातं तोच क्रम स्लाइडना देतो.

तुम्हीही तसंच करा. पहिल्यांदा घरात सांगा, आपल्या बोलीत. सासूबाईंना सांगा की 'वर्धा' फुटत कसा होता. त्यांना रफार ठाऊक आहे, कृतिदेव ठाऊक नाही. जिथे त्या 'म्हणजे कायले?' म्हणतील तिथे तुमचं एक वाक्य कमी आहे. दुसऱ्यांदा संपादकांना. तिसऱ्यांदा जवळच्या कॉलेजच्या संगणकाच्या वर्गात, घड्याळ लावून. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन म्हणून साजरा करतात. त्या दिवशी कॉलेजला कार्यक्रम हवाच असतो. प्राचार्यांना अर्ज करा, मुलांसमोर बोला. ही तीन वेळची तालीम झाली की मोठ्या सभागृहात अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी माझी अजून गेलेली नाही, आणि ती भाषणाला मदत करते असा माझा अनुभव आहे.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऐका. 'ॲक्च्युअली', 'बेसिकली' किती वेळा येतं ते मोजा.

इंग्रजीचं. परिषद बंगळूरूसारख्या ठिकाणी असेल तर बहुतेक इंग्रजीतच बोलावं लागेल, कारण समोर पाच भाषांचे लोक असतात. पण त्यातल्या बहुतेकांचंही इंग्रजी शिकलेलंच असतं. छोटी वाक्यं करा. एका वाक्यात एकच क्रियापद. पाठ करू नका. पाठ केलेलं वाक्य विसरलं की पुढचं सगळं विसरतं. फक्त पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन तोंडपाठ ठेवा. मधलं सगळं तुमच्या हाताखालून गेलेलं काम आहे, पडद्यावरचा शब्द बघितला की ते आपोआप आठवेल. रफाराला 'रफार'च म्हणा, एकदा अर्थ सांगून. लोक तो शब्द घेऊन घरी जातील.

आता स्लाइडचं एक दुखणं, जे फक्त आपल्याच लोकांच्या वाट्याला येतं. एका ठिकाणी आयोजकांच्या संगणकावर माझी फाइल उघडली आणि सगळ्या वेलांट्या सुट्या होऊन शेजारी उभ्या राहिल्या. मराठी लिपीवर भाषण, आणि पडद्यावर मोडकी मराठी. म्हणून स्लाइड नेहमी पीडीएफ करून न्या, फॉन्ट आत बसवून. पीडीएफ दुसऱ्या संगणकावर आणि मोबाइलवर उघडून पाहा. एक प्रत पेनड्राइव्हमध्ये, एक ईमेलवर. आणि प्रात्यक्षिक टर्मिनलच्या काळ्या खिडकीत करू नका. बऱ्याच टर्मिनलना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. तुमचा प्रोग्राम बरोबर असूनही 'वर्ध्याला' तिथे मोडलेलं दिसेल, आणि श्रोता समजेल की तुमचंच चुकलं. निकाल ब्राउझरच्या पानात दाखवा. तिथे अक्षरं नीट जुळतात.

अक्षर मोठं. मागच्या रांगेतून 'र्' आणि 'ऱ्' यांतला फरक दिसला पाहिजे, तुमचं सगळं भाषण त्या फरकावर उभं आहे. एका पडद्यावर तीन-चार ओळींपेक्षा जास्त नको. कोड दाखवायचा तर रफाराच्या नियमाच्या सात-आठ ओळी, बाकी नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं ठेवा. उजेडाच्या खोलीत काळा पडदा दिसत नाही.

प्रात्यक्षिक इंटरनेटवर अवलंबून ठेवू नका, आणि त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आधीच करून ठेवा. वीज जाण्याची सवय आपल्याला आहे, पण मोठ्या शहरातल्या सभागृहातही प्रोजेक्टर बंद पडतात. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्या, आणि एचडीएमआय व जुन्या व्हीजीए दोन्हींना चालेल असं जोडणीचं साहित्य स्वतःचं न्या. प्रोजेक्टर अगदीच गेला तर कर्ज, वर्धा, वर्ध्याला हे तीन शब्द फळ्यावर लिहून पूर्ण भाषण देता येतं. एकदा तसंही घरी करून बघा.

कुठे पाठवायचं? पायथॉनवाल्यांची पायकॉन इंडिया २००९ मध्ये बंगळूरूला सुरू झाली. तुमचं काम पायथॉनचं आहे, तिथे ते शोभेल. फॉस युनायटेड या संस्थेची इंडियाफॉस बंगळूरूला होते, ती मुक्त सॉफ्टवेअरची. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची जागतिक परिषद डेबकॉन २०२३ मध्ये कोचीला झाली होती. अशी संधी भारतात पुन्हा आली तर लक्ष ठेवा. ब्रुसेल्सची फॉसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला असते, तिला प्रवेश फी नाही की नावनोंदणी नाही, आणि तिथे वेगवेगळ्या विषयांच्या खोल्या आपापले प्रस्ताव मागवतात. ते पुढचं पाऊल म्हणून मनात असू द्या. प्रस्ताव परिषदेच्या कित्येक महिने आधी मागवतात. तुमच्या दुकानात एप्रिल-मेला लग्नपत्रिका आणि जून-जुलैला दाखले, प्रवेश, पीकविमा अशी रांग असते, म्हणून मसुदा हिवाळ्यातच लिहून ठेवा आणि तारीख आली की फक्त पाठवा.

पूर्ण भाषण नाकारलं गेलं तरी बहुतेक परिषदांत पाच मिनिटांची छोटी भाषणं असतात, नाव तिथेच जाऊन नोंदवायचं. पाच मिनिटांत फक्त 'वऱ्हाड' ६ आणि ७ सांगता येतं, आणि ते पुरेसं आहे. माझेही प्रस्ताव नाकारले गेलेत. कारण मागितलं तर काही ठिकाणी दोन ओळी पाठवतात. त्या जपून ठेवा, पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव सुधारून पाठवायला कोणाचीही हरकत नसते.

खर्चाची लाज बाळगू नका. पायकॉन इंडिया, डेबकॉन अशा परिषदा गरज असलेल्यांना मदत देतात, त्याचा वेगळा अर्ज असतो आणि त्याची मुदत अनेकदा आधी संपते. पैसे आधी मिळतात की पावत्या दिल्यावर, हे अगोदर विचारा. नंतर मिळणार असतील तर नागपूरहून गाडीचं तिकीट आणि राहणं तुम्हाला हातचं घालावं लागेल, तेवढी सोय हवी. एसटी आणि गाडी यांच्यामध्ये भरपूर वेळ ठेवा, आणि एक दिवस आधी पोहोचा.

भाषणाच्या आधीच्या मधल्या सुट्टीत सभागृहात जाऊन लॅपटॉप जोडून पाहा, तो 'वऱ्हाड'चा पडदा लावा आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहा. कॉलरला लावायचा माइक मागा. हातात माइक असला की पडद्याकडे बोट दाखवता येत नाही. आणि भाषण झाल्यावर लगेच निघू नका. दाराबाहेर दोन-चार लोक नक्की थांबतील. कोणाच्या काकांचा छापखाना असेल, कोणाकडे वडिलांची श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कवितांची वही असेल. त्यांची नावं लिहून घ्यायला एक वही-पेन पर्समध्ये असू द्या. प्रस्तावाचा मसुदा झाला की मला पाठवा, रविवारी सकाळी मी वाचून ठेवीन.